पोट फुगलं, वारा सरेना: आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठीने वाट अडवली तर डॉक्टर नेमकं काय करतात?

दोन-तीन दिवस संडासला झालेलं नाही. पोट नगाऱ्यासारखं ताणलंय. मधूनच कळ येते आणि जाते. वारासुद्धा सरत नाही. जेवण नकोसं झालंय आणि आता उलट्याही सुरू झाल्यात.

असं झालं की घरात पहिला शब्द निघतो तो गॅसचा. मग ओवा, सोडा, हिंग आणि त्यानेही काही झालं नाही की एरंडेल. यातला शेवटचा उपाय सगळ्यात धोकादायक असू शकतो. कारण ही लक्षणं नुसत्या बद्धकोष्ठाची नसतील, तर आतडं बंद पडल्याची असतील. आणि वय पन्नाशीच्या पुढचं असेल, आधीचे काही महिने संडासच्या सवयी बदललेल्या असतील, तर त्यामागे मोठ्या आतड्याचा कॅन्सर असू शकतो.

अशा वेळी पेशंटचं ऑपरेशन तातडीने करावं लागतं. नातेवाइकांना मध्यरात्री संमतीच्या कागदावर सही करायची असते आणि डॉक्टर म्हणतात, "पोटावर पिशवी लावावी लागेल." पिशवी कसली, कायमची का, नाही म्हटलं तर चालेल का, हे विचारायलाही वेळ नसतो. म्हणून हे सगळं आधीच समजून घेऊया.

आतडं बंद पडतं म्हणजे काय होतं?

आपलं मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ते सुरू होतं, वर जातं, आडवं होतं, डाव्या बाजूने खाली उतरतं आणि गुदाशयाला मिळतं. उजवीकडचा भाग रुंद असतो आणि तिथला मळ पातळ असतो. पुढे जाताना आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं. त्यामुळे डावीकडे येईपर्यंत मळ घट्ट होतो आणि तिथे आतड्याची नळीही अरुंद असते.

कॅन्सरची गाठ आतड्याच्या आतल्या अस्तरात सुरू होते आणि हळूहळू गोल फिरत बांगडीसारखी वाढते. उजवीकडे वाढली तर पातळ मळ बराच काळ वाट काढत राहतो. तिथली गाठ थोडं थोडं रक्त गाळत राहते, पेशंट फिकट पडतो, थकतो. डावीकडे वाढली तर वाट लवकर अडते. म्हणूनच कॅन्सरमुळे आतडं बंद पडण्याचे प्रकार डाव्या बाजूला जास्त दिसतात.

माण तालुक्यातल्या माणसाला हे सांगायला ठिबकचं उदाहरण पुरेसं आहे. नळीत क्षार साचत जातात, पाणी कमी कमी होत जातं, पण येत असतं तोवर कुणी नळी उघडून बघत नाही. एक दिवस ती पूर्ण चोकअप होते. मोटर मात्र मागून दाब देतच असते. मग नळी कुठे फुटते? जिथे ती सगळ्यात कमजोर असते तिथे.

आतड्याचंही तसंच. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक झडप असते. ती लहान आतड्यातला मळ पुढे जाऊ देते, पण बऱ्याच लोकांमध्ये मागे येऊ देत नाही. पुढे गाठ, मागे बंद झडप. मधला भाग फुग्यासारखा फुगत जातो. सगळ्यात जास्त ताण येतो तो उजवीकडच्या सुरुवातीच्या भागावर, कारण तो सगळ्यात रुंद असतो. दाब सारखाच असला तरी नळी जितकी रुंद, तितका तिच्या भिंतीवरचा ताण जास्त. हा भाग 12 सेंटीमीटरच्या आसपास फुगला की तो फुटण्याची भीती असते. म्हणजे गाठ डावीकडे आणि आतडं फुटतं उजवीकडे, असंही होतं.

फुटलं की मळ पोटात पसरतो, जंतुसंसर्ग रक्तात जातो आणि मग खेळ दिवसांचा राहत नाही, तासांचा होतो.

एरंडेल का घ्यायचं नाही?

रेचक औषध आतड्याला जोरजोरात आकुंचन पावायला लावतं. वाट मोकळी असेल तर त्याने काम होतं. वाट पूर्ण बंद असेल तर आतडं बंद दारावर धडका मारत राहतं. कळा वाढतात, दाब वाढतो, उलट्या वाढतात.

याचं एक जुनं उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. 1776 साली फ्रान्समधल्या रूआं शहरात पिलोर नावाच्या सर्जनकडे एक दारूविक्रेता आला. गुदाशयातल्या गाठीमुळे त्याचं आतडं बंद झालं होतं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे वजनाने वाट उघडेल म्हणून त्याला भरपूर पारा पाजलेला होता. शेवटी पिलोरने पोटाला छेद देऊन आतड्याचं तोंड बाहेर काढलं. मळ बाहेर आला, पोट उतरलं. पेशंट पुढे सुमारे चार आठवडे जगला आणि मग दगावला. शवविच्छेदनात दिसलं की छेद चांगला होता, पण आत अडकून राहिलेल्या पाऱ्याने लहान आतडं सडलं होतं.

म्हणजे जवळपास अडीचशे वर्षांपूर्वीही उत्तर तेच होतं. वरून ढकलू नका, बाहेर वाट करून द्या.

त्यामुळे नियम सोपा ठेवा. पोट फुगलंय, उलट्या होतायत, संडास आणि वारा दोन्ही बंद आहेत, तर घरी रेचक नाही, एनिमा नाही, जेवण नाही. सरळ दवाखाना गाठा.

माणमधून जायचं कुठे?

दहिवडी किंवा म्हसवडमध्ये पहिला उपचार सुरू होऊ शकतो. सलाइन लावणं, नाकातून नळी घालून जठर रिकामं करणं, लघवीची नळी टाकून लघवीचं प्रमाण मोजणं, हे सगळं जवळच्या रुग्णालयात करता येतं. आणि हे किरकोळ नाही. उलट्यांमुळे आणि फुगलेल्या आतड्यात अडकून शरीरातलं कित्येक लिटर पाणी कमी झालेलं असतं. कोरड्या पडलेल्या शरीराला भूल देणं जास्त धोक्याचं असतं. शिवाय नाकातल्या नळीमुळे वाटेत उलटी होऊन ती श्वासनळीत जाण्याचा धोका कमी होतो. त्यामुळे "इथे वेळ घालवू नका, तसेच पुढे चला" असं म्हणण्याआधी निदान सलाइन आणि नळी होऊ द्या.

पण ऑपरेशनसाठी सिटी स्कॅन, सर्जन, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग एकाच ठिकाणी लागतात. त्यासाठी पुसेगाव-कोरेगावमार्गे सातारा, वडूजमार्गे कराड किंवा थेट पुणे गाठावं लागतं. सातारला जिल्हा रुग्णालय आहे, कराडला वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, पुण्याला ससून आहे. दक्षिणेकडे मिरज आहेच. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मोठ्या ऑपरेशनसाठी मिरजेला जायची या पट्ट्याला सवय आहे.

वाहन नसेल तर 108 ला फोन करा. निघण्याआधी जिथे जायचंय तिथे फोन करून रात्री सिटी स्कॅन आणि सर्जन आहेत का, एवढं विचारून घ्या. एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात जी रात्र जाते, तीच पेशंटला महागात पडते.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात. कुटुंबामागे वर्षाला असलेली दीड लाखांची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य सरकारने 2023 मध्ये घेतला. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना पहिल्या तासातच भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या. कागद घरी राहिले म्हणून पेशंटला घरी ठेवू नका, ते मागून आणता येतात. योजनेची हेल्पलाइन 155388 आहे.

सिटी स्कॅन कशासाठी?

पोट फुगण्याची कारणं अनेक असतात. जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटणं, हर्नियात आतडं अडकणं, आतड्याला पीळ बसणं. आपल्याकडे आतड्याचा टीबीसुद्धा वाट अडवतो. प्रत्येकाचा उपचार वेगळा. पीळ बसला असेल तर कधी कधी दुर्बिणीने तो उलगडता येतो.

उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये आतडं फुगलंय का आणि ते फुटून हवा बाहेर आलीय का, ते दिसतं. सिटी स्कॅनमध्ये अडथळा नेमका कुठे आहे, गाठ आहे का, ती यकृतात पसरलीय का, आतड्याचा रक्तपुरवठा ठीक आहे का, हे कळतं. ऑपरेशन कुठलं करायचं हे याच उत्तरांवर ठरतं.

ऑपरेशनचे पर्याय कोणते?

सर्जनसमोर दोन कामं असतात. आज जीव वाचवायचा आणि त्याच वेळी कॅन्सरही नीट काढायचा. दोन्ही एकदम जमत असेल तर उत्तम. जमत नसेल तर पहिलं काम आधी.

पहिला पर्याय, गाठ उजवीकडे असेल तर. उजवा अर्धा भाग काढून टाकतात आणि लहान आतड्याचं टोक उरलेल्या मोठ्या आतड्याला जोडतात. लहान आतड्याचा रक्तपुरवठा चांगला असतो, त्यामुळे हा जोड बहुतेक वेळा टिकतो. पेशंटची तब्येत बरी असेल तर सहसा पिशवी लागत नाही.

दुसरा पर्याय, गाठ डावीकडे आणि पेशंट फारच आजारी असेल तर. गाठ असलेला भाग काढतात, खालचं टोक शिवून पोटात ठेवतात आणि वरचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढतात. तिथे पिशवी लावतात. फ्रेंच सर्जन हेन्री हार्टमन यांनी 1921 मध्ये ही पद्धत मांडली, म्हणून तिला हार्टमनचं ऑपरेशन म्हणतात. शंभर वर्षं होऊनही ते टिकलंय, कारण त्यात जोडच नसतो. जोड नाही तर तो सुटण्याची भीतीही नाही.

तिसरा पर्याय, गाठ डावीकडे पण पेशंट स्थिर असेल तर. गाठ काढून दोन्ही टोकं तिथेच जोडतात. कधी कधी जोडाला आराम मिळावा म्हणून लहान आतड्याची तात्पुरती वाट वर काढून ठेवतात.

चौथा पर्याय, उजवीकडचा भाग फुगून फाटला असेल किंवा आतड्यात दुसरीही गाठ असेल तर. जवळपास सगळं मोठं आतडं काढून लहान आतडं खाली जोडतात. यानंतर दिवसातून बऱ्याचदा पातळ संडास होते, त्याची तयारी ठेवावी लागते.

पाचवा पर्याय, आज फक्त वाट मोकळी करायची. गाठ तशीच ठेवून तिच्या वरच्या भागात आतड्याची वाट बाहेर काढतात. पेशंट अगदी नाजूक असेल किंवा गाठ गुदाशयात असेल तेव्हा हे करतात. गुदाशयाच्या गाठीला अनेकदा आधी रेडिएशन आणि केमो देऊन मग ऑपरेशन करणं फायद्याचं असतं. नातेवाइकांना वाटतं, "पोट उघडलं आणि गाठ तशीच ठेवली?" पण तो ठरवून घेतलेला पहिला टप्पा असतो.

जाळीची नळी घालून ऑपरेशन टाळता येतं का?

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घालतात हे आता गावागावांत माहीत आहे. तसाच धातूच्या जाळीचा स्टेंट दुर्बिणीतून आतड्यातल्या गाठीत बसवता येतो. तो हळूहळू उघडतो, वाट मोकळी होते. मग पेशंटची ताकद भरून काढून साधारण दोन आठवड्यांनी व्यवस्थित ठरवून ऑपरेशन करता येतं.

ब्रिटनमध्ये सुमारे 250 रुग्णांवर क्रेस्ट नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. साधारण पाचातल्या चार रुग्णांमध्ये स्टेंटने अडथळा सुटला. पिशवी लागण्याचं प्रमाण दोन तृतीयांशांवरून निम्म्याच्या आसपास आलं. जगण्याच्या प्रमाणात मात्र मोठा फरक दिसला नाही.

पण स्टेंट बसवताना आतडं फुटू शकतं आणि मग कॅन्सरच्या पेशी पोटात पसरण्याचा धोका असतो. त्यासाठी अनुभवी हात लागतात, आणि ते प्रत्येक रुग्णालयात प्रत्येक रात्री नसतात. आतडं फुटलेलं असेल तर हा पर्यायच नाही. कॅन्सर खूप पसरलेला असेल आणि मोठं ऑपरेशन झेपणार नसेल, तेव्हा पोटाला आराम द्यायलाही स्टेंट वापरतात.

पिशवी: सगळ्यात मोठी भीती

आता त्या सहीकडे येऊ.

"तात्यांना पिशवी नको, दुसरं काहीतरी करा," ही मागणी डॉक्टरांना नवीन नाही. त्यामागची भीतीही खरी आहे. वास येईल, लोक काय म्हणतील, देवळात जाता येईल का, शेतात जाता येईल का, एसटीत बसता येईल का.

पण हट्टाने जोड करायला लावला आणि तो सुटला, तर काय होतं ते आधी ऐका. फुगलेलं, सुजलेलं, रक्तपुरवठा कमी झालेलं आतडं शिवणं म्हणजे भिजलेल्या कागदाला टाके घालण्यासारखं आहे. जोड सुटला तर मळ पोटात पसरतो, दुसरं ऑपरेशन करावं लागतं, आणि तेव्हा पिशवी लावावीच लागते. तेही जास्त आजारी पेशंटवर. कॅन्सरची पुढची केमोही लांबते. म्हणून डॉक्टर पिशवी म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ते सुरक्षित मार्ग सुचवत असतात.

बाहेर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला स्टोमा म्हणतात. ते लालसर आणि ओलसर असतं. हात लावला तर दुखत नाही, कारण तिथे आपल्या कातडीसारख्या वेदनेच्या नसा नसतात. पिशवी चिकटवतात ती भोवतीच्या कातडीवर. पिशवीच्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं, म्हणजे मळ कातडीला लागत नाही आणि ती सोलवटत नाही. चकती नीट बसली तर वास येत नाही. सदऱ्याखाली, साडीखाली ती दिसत नाही. अंघोळ करता येते, प्रवास करता येतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. लहान आतड्याची वाट असेल तर पातळ पाणी सतत बाहेर जातं. माणच्या एप्रिल-मेच्या उन्हात असा माणूस एका दिवसात कोरडा पडू शकतो. नुसतं साधं पाणी पुरत नाही, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस लागतं. दुसरं, पहिले सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही. पाण्याची कळशी, खताचं पोतं, चाऱ्याची पेंढी, सगळं दुसऱ्याने उचलायचं. नाहीतर स्टोमाशेजारी हर्निया होतो.

पिशवी कायमची असते का? काहींची काही महिन्यांनी, केमो संपल्यावर, दुसरं ऑपरेशन करून बंद करतात. पण खरं सांगायचं तर हार्टमनच्या ऑपरेशननंतर बऱ्याच रुग्णांची पिशवी परत बंद होतच नाही. वय, दुसरे आजार, पसरलेला कॅन्सर किंवा पेशंटलाच पुन्हा ऑपरेशन नको असणं, अशी कारणं असतात. त्यामुळे "तात्पुरती आहे ना?" या प्रश्नाला डॉक्टर थेट हो म्हणत नाहीत, त्यात लपवाछपवी नसते.

सही करण्याआधी हे चार प्रश्न विचारा: गाठ कुठे आहे? आज गाठ निघणार का, की फक्त वाट मोकळी होणार? पिशवी कुठल्या आतड्याची असेल? पेशंट स्थिर असेल तर पिशवीची जागा आधी पोटावर खूण करून ठरवता येईल का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण धोतराच्या किंवा नेसत्या साडीच्या गाठीवर पिशवी आली तर रोजचा त्रास होतो.

ऑपरेशन झालं, पुढे काय?

काढलेला भाग तपासणीला जातो. त्यात किमान 12 लसिका ग्रंथी तपासल्या जाव्यात असा निकष आहे, कारण कॅन्सर ग्रंथींमध्ये गेलाय का यावर पुढचा उपचार ठरतो. ग्रंथींमध्ये असेल तर सहसा केमो लागते. ग्रंथी मोकळ्या असल्या तरी आतडं बंद पडणं हेच जास्त जोखमीचं लक्षण मानतात आणि केमोचा विचार होतो. केमो साधारण सहा ते आठ आठवड्यांत सुरू व्हायला हवी. टाके सुकले, माणूस चालायला लागला, म्हणून तो तपासणीचा कागद कपाटात ठेवून देऊ नका. कॅन्सरचा पुढचा सगळा उपचार त्याच कागदावर ठरतो.

अडथळ्यामुळे ऑपरेशनआधी पूर्ण आतडं दुर्बिणीने बघता आलेलं नसतं. म्हणून तीन ते सहा महिन्यांत कोलोनोस्कोपी करून दुसरी गाठ नाही ना, हे बघून घेतात.

पुढच्या उपचारासाठी मुंबईचं टाटा मेमोरियल आहेच. पण म्हसवड बाजूच्या माणसाला पंढरपूरवरून बार्शीही गाठता येतं. तिथे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटल आहे. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 मध्ये याच बार्शीत सुरू झाली.

हे सगळं टाळता येतं का?

बऱ्याच अंशी, हो. जगात 2022 मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे 19 लाखांहून जास्त नवे रुग्ण सापडले आणि सुमारे 9 लाख लोक त्याने गेले. भारतात प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा बरंच कमी आहे. पण कमी आहे म्हणूनच संशय उशिरा येतो. टाटा मेमोरियलमधल्या 800 रुग्णांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी वय 47 होतं. म्हणजे हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार नाही.

ठरवून केलेलं ऑपरेशन आणि आणीबाणीतलं ऑपरेशन यांच्या धोक्यात मोठा फरक असतो. फुटबॉलपटू पेले यांची आतड्यातली गाठ 2021 मध्ये नेहमीच्या तपासणीत सापडली आणि ठरवून काढता आली. पुढे डिसेंबर 2022 मध्ये त्याच आजाराने ते गेले, पण आतडं बंद पडून मध्यरात्री टेबलावर जावं लागलं नाही.

मग आधी काय दिसतं? संडासमधून रक्त जाणं, जे आपण वर्षानुवर्षं मूळव्याध म्हणून सोडून देतो. काही आठवडे कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब. संडास बारीक होणं. पोट साफ झाल्यासारखं न वाटणं. कारण नसताना वजन उतरणं. आणि पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या बायकांमध्ये रक्त कमी भरणं. नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नका, रक्त जातंय कुठे ते शोधायला सांगा.

मूळव्याध असलेल्या माणसालाही कॅन्सर होऊ शकतो. म्हणून रक्त जात असेल तर निदान एकदा डॉक्टरकडून गुदमार्गाची बोटाने तपासणी करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, फार खर्च नाही, थोडी लाज वाटते इतकंच. गुदाशयातल्या अनेक गाठी त्यातच हाताला लागतात. संशय वाटला तर कोलोनोस्कोपी. घरात आई-वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल तर लक्षणं नसतानाही डॉक्टरांशी बोला.

उसतोडीला, मेंढरं घेऊन किंवा मुंबईला कामाला गेलेल्या माणसाला हे "गावाला गेल्यावर बघू" असं वाटतं. त्याला हा लेख पाठवा. आणि घरातल्या कुणाचं पोट आज खरंच फुगलं असेल, वारा आणि संडास दोन्ही बंद असतील, तर लेख वाचत बसू नका. 108 ला फोन करा.